डोमेनचा सातबारा

इतवारीतलं माझ्या मामांचं मिरची-मसाल्याचं दुकान उघडतं ते चार किल्ल्यांनी. शटरला दोन कुलपं, आतल्या जाळीच्या दाराला तिसरं, आणि गल्ल्याची बारकी किल्ली वेगळी, मामांच्या करगोट्याला. वीस वर्षं दुकानात राबलेल्या माणसाच्याही हातात ती किल्ली कधी गेलेली नाही. पण ज्या वेबसाइटवरून पुण्या-बंगळुरूला गेलेले नागपूरकर दर सणाला मसाला मागवतात, तिची किल्ली कुणाकडे आहे, ते मामांना माहीत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांचा फोन आला. कळमन्याच्या बाजारात नवी मिरची उतरत होती, म्हणजे वर्षातले सगळ्यात धावपळीचे दिवस. "बेटा, साइट उघडूनच नाही राहिली. कोणाच्या तरी जाहिराती दिसून राहिल्या."

मी नागपुरातल्या छोट्या दुकानांच्या वेबसाइट आणि ईमेल सांभाळते. मामांची साइट मात्र माझ्याकडे नव्हती. घरच्या माणसाकडून फुकट काम करून घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. ती त्यांनी ओळखीतल्या एका मुलाकडून करून घेतली होती. मुलगा हुशार, काम नीटनेटकं. पुढे त्याला हैदराबादला नोकरी लागली आणि तो गेला.

काय झालं होतं ते पाच मिनिटांत कळलं. साइटच्या नावाची मुदत संपली होती. ".इन"वर संपणाऱ्या नावांची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते आणि नावं विकणाऱ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या असतात. एखाद्या नावाची मुदत कधी संपते, हे कुणालाही फुकट पाहता येतं. मालक कोण, हे मात्र बहुतेक वेळा झाकलेलं असतं. ते बिलावरून कळतं, किंवा ज्या खात्यातून नाव घेतलं त्यात शिरून. मामांनी फायलींचा गठ्ठा उपसला. बिल सापडलं, पण ते त्या मुलाच्या नावाचं होतं. खातं त्याचं, ईमेल त्याचा कॉलेजातला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच ईमेलवर जात राहिल्या असणार, आणि तो ईमेल आता कुणी उघडत नव्हतं.

मामांना मी सातबाऱ्याचं उदाहरण दिलं. डोमेन म्हणजे जमीन, होस्टिंग म्हणजे तिच्यावरचं बांधकाम. बांधकामाचे पैसे तुम्ही दिले, रंग तुम्ही निवडला, पण सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. उदाहरण तसं अपुरंच आहे, कारण जमीन कायमची असते आणि डोमेन वर्षाच्या बोलीवर मिळतं, भाडेपट्ट्यासारखं. पट्टा चुकला की थोडी सवलतीची मुदत मिळते, मग जास्त पैसे भरून सोडवून घ्यायची एक शेवटची संधी, आणि तीही हुकली की नाव बाजारात मोकळं. जो आधी येईल त्याचं. यातली भीती साइट बंद पडण्यापेक्षा मोठी आहे. त्या नावावरचे सगळे ईमेल पत्तेही नव्या मालकाच्या हाती जातात. बँकेचं, जीएसटीचं, कुरिअरचं खातं त्या पत्त्याशी जोडलेलं असेल, तर "पासवर्ड विसरलो" एवढं बटण दाबलं की नवा पासवर्ड त्याच्या दारात.

आमचं नाव अजून सुटलेलं नव्हतं. त्या मुलाचा नंबर मामींच्या डायरीत होता. त्याने लगेच पैसे भरले, नाव मामांच्या खात्यात वळतं केलं, वर दोनदा माफी मागितली. चूक त्याची एकट्याची नव्हती. नागपुरात मी ज्या ज्या दुकानात जाते तिथे पहिल्यांदा हेच विचारते, आणि बरेचदा समोरचा माणूस गप्प होतो. साइट करून देणाऱ्याने पहिल्या दिवशी मालकाच्या नावाने, मालकाच्या ईमेलने, मालकासमोर बसून खातं उघडून द्यायला हवं. याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न देणाऱ्याला मी चांगला कारागीर म्हणणार नाही, मग त्याचं डिझाइन कितीही देखणं असो.

साइट परत उभी राहिली, पण आता मला ती नीट पाहायची होती. दोन दिवस मी मामांच्या गल्ल्याशेजारी स्टुलावर बसले. मिरचीच्या खकाण्याने डोळे चुरचुरत होते. एका वहीत मी फक्त एवढंच टिपत होते की फोनवर लोक काय विचारतात. "भाव काय?" "अर्धा किलो पाठवता का?" "अकोल्याला किती दिवसांत येईल?" "लेकरं खातील इतपत तिखट कोणतं?" "रस्स्याला ज्वारीचं पीठ लावाचं का?" साइटवर यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. तिथे होती फिरत्या चित्रांची एक पट्टी आणि "दर्जा हीच आमची ओळख" अशी चार वाक्यं, जी नागपुरातल्या कुठल्याही दुकानाला चालली असती.

पट्टी काढली. वहीतले प्रश्न जसेच्या तसे साइटवर घेतले आणि मामांनी फोनवर दिलेली उत्तरं त्यांच्याच शब्दांत खाली लिहिली. मिरचीच्या पानावर मी "अस्सल भिवापुरी" लिहायला घेतलं होतं. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, नावाला बाजारात वजन आहे. मामांनी मला थांबवलं. एका तिखटात ते भिवापुरीबरोबर दुसरी मिरची रंगासाठी मिसळतात. "मिसळण आहे तं मिसळणच लिही." मी तसंच लिहिलं.

मग फोटो. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा, तसाच चढवलेला. दुकानातल्या पोऱ्याचा सगळ्यात स्वस्त फोन घेऊन मी बाहेर गल्लीत उभी राहिले. पान उघडेपर्यंत एक हातगाडी पूर्ण वळून गेली. प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत आणला, तेव्हा कुठे मिरची चटकन दिसायला लागली. पत्त्याच्या पट्टीतला "नॉट सिक्युअर" हा शिक्काही घालवला. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते आणि ते आपोआप नवं होत राहील अशी सोय होस्टिंगवर असते. तरीही त्याचे वर्षाला पैसे मोजणारे दुकानदार मला भेटतात, याचं वाईट वाटतं. खाली दुकानाचं पूर्ण नाव, पत्ता, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव घातलं. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने नाव-पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवलेच पाहिजेत, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. नियम नसता तरी घातलंच असतं. अनोळखी माणूस पैसे आधी पाठवतो, त्याला समोर कोण बसलंय ते दिसायला हवं.

ईमेलचं काम मामींकडे. आदल्या दिवाळीला कुणीतरी सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते "टू"च्या रकान्यात एकत्र चिकटवून पत्र पाठवलं होतं. प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. मामींना ते अजून सलतं. "लोकांनी आपल्याले विश्वासानं पत्ता दिला होता न," त्या म्हणाल्या. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण त्याचा गाभा मामींच्या या एका वाक्यात आहे.

आम्ही यादी चाळली. जुन्या बिलांवरून उचललेले, कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेले, कुणी न विचारता दिलेले पत्ते काढून टाकले. यादी निम्म्याहून कमी झाली. मामांना हळहळ वाटली, पण ज्याने मागितलं नाही त्याला पाठवलेलं पत्र तो "स्पॅम" म्हणून हाणतो, आणि असे शिक्के वाढले की मागणाऱ्यांपर्यंतही पत्र पोचेनासं होतं. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांसाठी ते जास्तच कडक आहेत, पण छोट्यांनीही ते पाळलेले बरे.

त्यासाठी लागणाऱ्या तीन नोंदी मी मामींसमोर बसून केल्या. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्रं कोण टाकू शकतो त्या पोस्टमनांची यादी. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर. वाटेत कुणी पत्र फोडून बदललं तर ती जुळत नाही. आणि डीमार्क म्हणजे पलीकडच्याला दिलेली सूचना, की यादीतही नाही आणि मोहोरही जुळत नाही अशा पत्राचं काय करायचं. सुरुवातीला "नुसतं पाहा आणि आम्हाला कळवा" एवढंच सांगायचं. काही आठवडे अहवाल बघायचे, आपलीच बिलं पाठवणारं एखादं सॉफ्टवेअर यादीत घालायचं राहिलं नाही ना याची खात्री करायची, मगच "बाजूला ठेवा" म्हणायचं. घाई केली तर आपलीच पत्रं परकी ठरतात.

पत्र मामींनी सांगितलं आणि मी टंकलं. रंगीत चौकटी नाहीत, "शेवटचे दोन तास" नाहीत. या वर्षी मिरची कशी आली, रंग कसा आहे, भाव का चढला, आणि वर्षाची चटणी-तिखटं भरून ठेवायची असतील तर कधीपर्यंत कळवायचं. खाली नाव कमी करण्याचा दुवा, एका टिचकीत नाव जाईल असा. किती जणांनी पत्र उघडलं तो आकडा मी मामींना दाखवला नाही. २०२१ पासून अॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आली, तिच्यामुळे न वाचलेली पत्रंही उघडल्यासारखी मोजली जातात. किती जणांनी उत्तर लिहिलं, ते मोजायचं. पहिलं उत्तर आलं नाशिकहून. त्या बाईंनी तिखट मागवलंच, शिवाय आई गेल्यावर नागपूरचा मसाला पहिल्यांदाच मागवतेय, असं लिहिलं होतं. मामींनी ते दोनदा वाचून घेतलं.

एका दुपारी, दुकानात गर्दी नसताना, फोन वाजला. बोलणारा हिंदीत, आवाजात दरारा. लष्करी छावणीतून बोलतोय, मेससाठी वीस किलो मसाला हवा, गाडी संध्याकाळी येईल, पैसे आत्ताच पाठवतो, फक्त मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. कामठीची छावणी इथून जवळ, त्यामुळे कुणालाही खरं वाटावं. पोऱ्याने फोन स्कॅनसाठी धरलासुद्धा. मामांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "पैसे घ्याले पिन कायले लागते?"

यूपीआयमध्ये पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच नाही. मामांना हे कुठल्या जाहिरातीतून कळलं नव्हतं. बाजारातल्या एका दुकानदाराचे पैसे असेच गेले होते. त्याने लाजेपोटी चार दिवस कुणाला सांगितलं नाही, आणि पैसे वाचण्याची शक्यता त्या चार दिवसांत संपली. १९३० या क्रमांकावर तक्रार लगेच नोंदवली तर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. उशीर झाला की रक्कम दहा ठिकाणी फुटते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही वेळेलाच महत्त्व आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, असा व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर तोटा ग्राहकावर येत नाही. पण पिन आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून त्या दुकानदाराने लाज बाळगली याचं मला फार वाईट वाटतं. फसवलं गेलेल्या माणसाला आपण हसतो, आणि पुढचा माणूस गप्प बसतो.

यापेक्षा शांतपणे होणारी फसवणूक ईमेलवरची. नेहमीच्या व्यापाऱ्याचं पत्र येतं, नेहमीसारखंच बिल, फक्त "आमचं बँक खातं बदललं आहे". पत्ता नीट पाहिला तर इंग्रजी "एम"च्या जागी "आर" आणि "एन" शेजारी-शेजारी चिकटलेले. मामांसाठी एकच नियम ठरवला. खातं बदलल्याचं पत्र आलं की जुन्या डायरीतला नंबर लावून त्या माणसाचा आवाज ऐकायचा. पत्रात दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही.

शेवटी उरल्या किल्ल्या. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा केला आणि ईमेलला दुहेरी पडताळणी लावली. ती लावताना दिसलं की ईमेल परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुनीमाचा. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, म्हणजे आपला ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या खिशात. तो बदलून मामा आणि मामी दोघांचे नंबर घातले. आणीबाणीला वापरायचे दहा कोड कागदावर लिहून, पाकीट डकवून मामांनी तिजोरीत ठेवले, सोन्याच्या पावत्यांच्या खाली. साइटची पूर्ण नक्कल एका हार्ड डिस्कवर घेतली आणि ती दुकानात न ठेवता घरी नेली. नक्कल खरंच चालते का, हे मी माझ्या लॅपटॉपवर साइट उभी करून पाहिलं. ते पाहिल्याशिवाय नक्कल आहे असं म्हणण्यात अर्थ नसतो.

डोमेनचे पैसे आपोआप कापले जातील अशी सोय मी करून ठेवली होती. मामींना ती पुरेशी वाटली नाही. "कार्डाची मुदत संपली तं?" त्यांचं बरोबर होतं. स्वयंपाकघरात गॅसच्या नोंदी आणि दुधाचे खाडे लिहिलेलं कालनिर्णय टांगलेलं होतं. पुढच्या वर्षीचं अजून यायचं होतं, म्हणून त्यांनी डिसेंबरच्या पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं, "नवीन कॅलेंडर आलं की जानेवारीच्या पानावर लिहिणे: डोमेन, पैसे भरणे." आणि खाली त्या हैदराबादच्या मुलाचा नंबरही, कारण फोनवर तो म्हणाला होता, मावशी, काही अडलं तर सांगा.