काकडदऱ्याचें सार्वजनिक पाणी

गांवच्या विहिरींत पोहावयास शिकला नाहीं असा शेतकऱ्याचा मुलगा पूर्वीं विरळा असे. कमरेला सुका भोपळा बांधून थोरल्या भावानें धाकट्यास पाण्यांत लोटावें व काठावरच्या मंडळींनीं हंसत पहावें, हीच आमची शाळा. शहरांत नगरपालिका पोहण्याचे तलाव बांधतात. खेड्याचा तलाव म्हणजे त्याची विहीर, त्याचा डोह, त्याचें तळें. परंतु आमच्या वर्धा जिल्ह्यांत कित्येक ठिकाणीं वैशाखांत त्याच विहिरीच्या तळाशीं घागर बुडण्यापुरतेंही पाणी नसतें. तेव्हां पोहण्याचा हौद कोणीं बांधावा हा प्रश्न मागाहूनचा. गांवास पाणी कोणीं निर्माण करावें, हा पहिला. या प्रश्नाचें उत्तर आर्वी तालुक्यांतील एका लहानशा गांवानें स्वतःच्या हातांनीं दिलें. तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

काकडदरा हें कोलाम लोकांचें डोंगराळ भागांतील गांव. कोलाम, कातकरी व माडिया गोंड या महाराष्ट्रांतील तीन जमातींस सरकार 'आदिम जमाती' म्हणून गणतें. पाणी फाउंडेशन या संस्थेनें २०१६ सालीं वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव या ३ तालुक्यांत 'सत्यमेव जयते वॉटर कप' नांवाची स्पर्धा सुरू केली. पावसापूर्वीं जें गांव जलसंधारणाचें काम सर्वांत उत्तम करील, त्याचा गौरव करावा, हा तिचा हेतु. २०१७ सालीं ती ३० तालुक्यांत झाली व त्यांत आर्वीचा समावेश होता. मुदत ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे अवघे ४५ दिवस. वऱ्हाड-नागपुराकडील उन्हाचा हा ऐन कडाका आहे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ऑगस्टमध्यें पुण्यास निकाल जाहीर झाला. पहिला क्रमांक व ५० लाख रुपयांचें पारितोषिक काकडदऱ्यास मिळालें. ज्यांस आपण सधन जमीनदार मागासलेले म्हणून बाजूस सारतों, त्यांनींच आपणांस धडा घालून दिला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

या कामांत गूढ असें कांहीं नाहीं. पाणी माथ्यावर अडवावें व मग पायथ्याकडे यावें, हा पहिला नियम. उतारावर समपातळींत चर खणावयाचे. पातळी पाण्याच्या साध्या नळीनेंही धरतां येते. निघालेली माती चराच्या खालच्या अंगास टाकावयाची. ओघळींत दगडी बांध, खालीं नाल्यावर मातीचे बांध व घरोघरीं सांडपाण्यास शोषखड्डे. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असा चर घेतला, तर दर मीटर लांबीस १८० लिटर पाणी मावतें. १०० मीटरांस १८,००० लिटर. मृगापासून हस्तापर्यंत तो जितक्या वेळां भरेल तितक्या वेळां हा हिशेब मांडावा. मात्र मुरमाड उतारावर पाणी जसें लवकर मुरतें तसें काळ्या चिकण जमिनींत मुरत नाहीं. तेथें चर खणल्यास पाणी सांचून पीक पिवळें पडावयाचें. म्हणून डोंगर सोडून शेतांतच चर ओढणें हा उलटा व्यवहार होय.

आतां आमच्या मनांतील खरी चिंता सांगतों. पाणी निर्माण करणें कठीण, पण राखणें त्याहून कठीण. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांच्या बांधणींत कोहळी समाजाचें कसब प्रसिद्ध आहे. १९५० च्या कायद्यान्वयें मालगुजारी संपली, १९५१ पासून अंमल झाला, व तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी जाणें हें न्याय्यच होतें. परंतु तलावावरची गांवाची माया जाऊं नये, याची व्यवस्था कोणीं केली नाहीं. गाळ सांचला, पाळी फुटल्या.

महसुली दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. एका गांवच्या तळ्याची जागा कागदोपत्रीं निस्ताराची असतांना हळूहळू पिकाखालीं गेलेली आम्हीं पाहिली. नोंदीची नक्कल मागावयास गांवांतून कोणी आलें नाहीं. आणि आम्हींही न विचारतां उठून सांगितलें नाहीं. आमचें काम विचारल्यास उत्तर देण्याचें, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. आज त्या तळ्यांत मूल पोहत नाहीं व गुरूं पाणी पीत नाहीं. त्या मौनाची रुखरुख आहे, म्हणूनच हा लेख.

यास्तव आमची सूचना अशी. पहिली गोष्ट, दर वर्षीं अक्षयतृतीयेनंतर सर्व गांवानें एकत्र जमून चर व बांध यांतील गाळ काढावा. तो शेतांत पसरल्यास खताचेंही काम होतें. दुसरी, किती पाणी मुरलें याचा अंदाज घेऊन मगच संत्र्याची बाग व रब्बीचें पीक ठरवावें. पाणी सर्वांचें आणि उपसा एकाचा, असें होऊं नये. तिसरी, १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमांत कलम १६१ अन्वयें निस्तारपत्रक व कलम १६५ अन्वयें वाजिब-उल-अर्ज आहे. आपल्या गांवचे हे कागद ग्रामसभेंत वाचून पहावे आणि तळ्याची, पाणवठ्याची व वाटेची वहिवाट त्यांत आहे कीं नाहीं याची खात्री करावी. चौथी, प्लॅस्टिकच्या अस्तराचीं शेततळीं फार निसरडीं असतात; आंत पडलेलें मूल काठ धरूं शकत नाहीं. त्यांस कुंपण घालावें व आंत दोर सोडून ठेवावा. मुलांस पोहणें शिकविण्यास सार्वजनिक तळ्याची एक बाजू उथळ व पायऱ्यांची करावी, व तेथें जाणता माणूस हजर असावा.

काकडदऱ्यानें बक्षीस मिळविलें तें ४५ दिवसांत. त्याची राखण मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि ती एकट्या काकडदऱ्याची नव्हे. येत्या उन्हाळ्यांत आपल्या गांवच्या तळ्याच्या पाळीवर एकदां उभें रहावें, आणि तिचा सात-बारा कोणाच्या नांवें आहे तें तलाठ्याकडे जाऊन पहावें, एवढीच वाचकांस विनंति.