सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने वातावरणाचे तापमान व आर्द्रता यांचे मापन

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस १.२५ सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार तयार झाले, तेव्हा दमट हवेत त्याचा पल्ला अपेक्षेपेक्षा कमी भरला. जलबाष्प १.३५ सेंटिमीटरच्या आसपासच्या सूक्ष्मतरंगांचे शोषण करते, हे त्याचे कारण. परंतु जो पदार्थ ज्या तरंगांचे शोषण करतो त्यांचेच तो उत्सर्जनही करतो. तेव्हा रडारच्या वाटेतील हा अडथळाच मापनाचे साधन ठरला. अमेरिकेतील रॉबर्ट डिकी यांनी असे अतिक्षीण प्रारण मोजणारे उपकरण बनवून १९४६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

आजचा प्रारणमापकही स्वतः काही प्रक्षेपित करीत नाही. आकाशाकडून येणारे प्रारण तेवढे तो ग्रहण करतो. तापमानासाठी ऑक्सिजनचा उपयोग होतो. हवेतील त्याचे प्रमाण ठरलेले असल्यामुळे त्याचे उत्सर्जन मुख्यत्वे तापमानावर अवलंबून राहते. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास हवा इतकी अपारदर्शक असते की, केवळ खालच्या काहीशे मीटरांतील प्रारण उपकरणापर्यंत पोहोचते. ५२ गिगाहर्ट्झच्या सुमारास मात्र कित्येक किलोमीटरांवरूनही ते येते. अशा अनेक कंप्रतांवरील वाचनांतून निरनिराळ्या उंचीचे तापमान काढता येते. बाष्पासाठी २२.२ गिगाहर्ट्झची रेषा वापरतात.

‘काढता येते’ हे शब्द जपून वाचावेत. वाचने मोजकी आणि हवेचे थर असंख्य. एकाच वाचनसंचाशी जुळणाऱ्या तापमानाच्या अनेक मांडण्या संभवतात. त्यांतील कोणती ग्राह्य मानावी, हे बहुधा पूर्वी उपकरणे बांधून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींवरून ठरवितात. म्हणजे फुग्याची जागा घेऊ पाहणारे साधन फुग्याच्याच पुंजीवर चालते! खालच्या एक-दोन किलोमीटरांतील तापमान भरवशाचे मिळते. त्यावर बारकावे पुसट होत जातात. हवेच्या स्तंभातील एकूण बाष्प चांगले कळते, पण ते कोणत्या थरात किती, हे ढोबळमानानेच. पावसाने उपकरणाचे आवरण भिजले की वाचने बिघडतात.

असे असूनही त्याची गरज आहे. आपल्याकडे फुगे पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी सोडतात. वळवाचे वादळ दुपारी तासा-दोन तासांत उभे राहते. प्रारणमापक दर काही मिनिटांनी नोंद देतो. आंध्र प्रदेशातील गडंकी येथील नोंदींवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गडगडाटी वादळापूर्वी दोन ते चार तास हवेच्या अस्थिरतेचे निर्देशांक बदललेले आढळले. शेतात काम करणाऱ्यास विजेपासून आडोसा गाठण्यास तेवढा अवधी पुरेसा असतो. पहाटेच्या फुग्याने ही हवा पाहिलेली नसते, व सायंकाळचा सुटेपर्यंत अनेकदा पाऊस पडून गेलेला असतो.