ऊस उभा असताना इतिहासाची सहल



ऊस विकास विभागाच्या पानावर बेणे, खत आणि खोडवा सोडून आम्ही सहलीवर काय लिहीत बसलो, असे काहींना वाटेल. त्याचे असे झाले. आपल्या भागातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी (त्यात चार-दोन निवृत्त गुरुजी, बाकी आपलेच सभासद) एक दिवसाच्या सहली सुरू केल्या. गावोगावच्या याद्या आमच्याकडे, चिटबॉय आमच्याकडे, म्हणून माणसं जमवायचं काम आमच्या गळ्यात पडलं. आता आणखी गटांतून विचारणा होते आहे. तेव्हा आमची पहिली सहल कशी बिघडली, ते आधी सांगतो.

ती आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी काढली. एका सभासदाला, 'तुमच्याकडे टोळी बुधवारी येईल, बिनघोर चला,' असे आम्हीच सांगितले. शेजारचा प्लॉट लवकर आटोपला आणि टोळी रविवारी सकाळीच त्याच्या वावरात उतरली. घरधनी आमच्याबरोबर एस.टी.त. त्याच्या बायकोने एकटीने तोडणी पाहिली, ट्रॅक्टर भरून घेतला, पुतण्याला पाठवून काट्यावर वजन करवून घेतले. सभासद काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बाई मात्र गट कार्यालयात आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचा राजा पाहून झाला असन तर आता आमची चिठ्ठी पाहा." चूक आमची होती. तेव्हापासून तारीख ठरली की आधी तोडणीचा कार्यक्रम समोर घेतो. ज्याची पाळी आठ दिवसांच्या आत आहे त्याचे नाव सहलीत घेत नाही, मग तो कितीही आग्रह करो.

मग सहल हंगाम संपल्यावर का नाही, असे कोणी विचारील. एप्रिल-मे मध्ये वर्ध्याच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरून दाखवा. जूनपासून पेरणी, पुढे निंदण-डवरण. माघाच्या आसपासचे दिवसच बरे. फक्त 12 फेब्रुवारी टाळावी. गांधीजींच्या अस्थी 1948 साली त्या दिवशी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या. त्या स्मरणाचा मेळा तिथे भरतो. मेळ्याला जायचे तर मेळ्यासाठी जावे, पाहायला-ऐकायला त्या गर्दीत सवड मिळत नाही.

पहिल्या सहलीची दुसरी चूक म्हणजे एका दिवसात सहा ठिकाणे. सहा ठिकाणी चपला काढल्या आणि घातल्या, एवढेच पुष्कळांच्या लक्षात राहिले. आता दोनच ठिकाणे घेतो. सकाळी पवनार, दुपारनंतर सेवाग्राम किंवा मगनवाडी. आष्टीला जायचे तर ती सहल वेगळी. ते गाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. 16 ऑगस्ट 1942 ला तिथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. ते ऐकायला निवांत अर्धा दिवस हवा. जाता जाता दहा मिनिटे उतरून पाहण्याची ती जागा नव्हे.

पवनारबद्दल थोडे लांबवर सांगतो, कारण ती जागा शेतकऱ्याची आहे असे आम्हाला वाटते. विनोबा 1938 साली प्रकृती खालावलेली असताना तिथे राहायला आले. जमीन खणता खणता त्यांना जुनी शिल्पे सापडली. त्यातले एक त्यांना राम-भरत भेटीचे वाटले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी राम-भरताच्या भेटीचे चित्र कसे असावे ते सांगितले होते, आणि आता तीच भेट कुदळीखाली निघाली. आश्रमात ते शिल्प आजही पाहायला मिळते. ही शिल्पे वाकाटकांच्या काळची, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची मानतात. नागपूर विद्यापीठाने 1967 साली पवनारला उत्खननही केले.

वा. वि. मिराशींचे मत असे की राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच हे पवनार. पुढे रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झाले आणि प्रवरपूर ते, असे म्हणणारे अभ्यासक पुढे आले. आमच्या सहलीत यावरून एस.टी.त दोन तट पडले. आपला जिल्हा सोडून राजधानी रामटेककडे जाऊ द्यायला पुष्कळजण तयार नव्हते. गुरुजींनी दोन्ही बाजू मांडल्या आणि कोणाचीच बाजू घेतली नाही. सहलीत सांगणारा माणूस असाच असावा. जिल्ह्याच्या अभिमानापायी एकच बाजू सांगितली, तर लोक घरी जाऊन पोरांना तेवढीच सांगतात.

याच प्रवरसेनाचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या चम्मक गावचा, नांगरताना सापडलेला. प्रवरपुराहून दिलेला. त्यात हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी दान दिल्याचे लिहिले आहे. पण सभासदांना मजा वाटली ती अटींची. दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. अट मोडली आणि राजाने जमीन परत घेतली तर तो चोर ठरत नाही. एक जुने संचालक ऐकून म्हणाले, "म्हणजे पोटनियम तेव्हाही होते तर!"

यात आपल्या कामाचा भाग आहे तो असा. असल्या वस्तू पुष्कळदा वावरातच निघतात. नांगराला मोठी वीट लागली, मडके लागले, तर आपण धुऱ्यावर फेकतो. पत्रा निघाला तर मोडीत घालतो. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शेत जाईल या भीतीने कोणी लपवतो, कोणी वितळवतो. ताम्रपट वितळला की त्यातले तांबे चार पैशांचे, आणि गावाचे दीड हजार वर्षांपूर्वीचे नाव मात्र कायमचे गेले. काही दिसले तर आम्हाला सांगा, कळवायचा अर्ज लिहायला आम्ही मदत करू.

दुपारचे जेवण शिदोरीचेच ठेवतो. भाकर, बेसन, ठेचा, कांदा. हॉटेलात पन्नास माणसांचे जेवण म्हणजे दोन तास गेले. एस.टी. प्रासंगिक करारावर मिळते. मागणी आगाऊ नोंदवावी आणि वर्गणी आधीच घ्यावी. गाडी सुटल्यावर पैसे मागणे बरे दिसत नाही. सकाळी सातच्या आत निघायचा हट्ट सोडला आहे, दूध काढून झाल्याशिवाय कोणी येत नाही. आश्रमांना आधी पत्र पाठवतो आणि तिथे मोठ्याने बोलायचे नाही हे गाडीतच बजावतो.

सेवाग्रामला बापू कुटीत आपल्या माणसांना काय पाहावे ते सांगावे लागले नाही. माती, बांबू आणि कवेलूचे घर. साप पकडून दूर सोडण्यासाठी केलेला चिमटा आणि पिंजरा. तिथे म्हाताऱ्यांचीच जीभ सुटली. मगनवाडीत मात्र आमची थोडी पंचाईत झाली. 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे हे ठाणे. मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते 1938 मध्ये झाले. गिरणीच्या साखरेपेक्षा गूळ चांगला आणि तो गावातच व्हावा, हा या मंडळींचा आग्रह. आणि आम्ही गेलो साखर कारखान्याचे सभासद घेऊन! एकाने विचारलेच, "मग आपण कारखाना काढला ते चुकलंच का?" कोणी गुऱ्हाळाचा धूर आणि व्यापाऱ्याची उचल आठवून दिली, कोणी म्हणाले कारखान्यात मालकी तरी आपली आहे. एक आजोबा म्हणाले, मालकी आपली असती तर चिठ्ठीसाठी हात जोडावे लागले नसते. आम्ही खिडकीबाहेर पाहिले. वाद गावापर्यंत चालू होता.

पुढच्या सहलीला बायकांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आहेत. पवनारचा ब्रह्मविद्या मंदिराचा आश्रम 1959 पासून भगिनीच चालवतात, त्यांच्याशी बोलायची आपल्या माय-बहिणींची इच्छा आहे. नावे आपापल्या गटाच्या चिटबॉयकडे द्यावीत, सोबत प्लॉटचा नोंदणी क्रमांक लिहावा. पहिले नाव आले आहे. त्या रविवारी एकटीने ट्रॅक्टर भरून घेणाऱ्या बाईंचे. या खेपेला तोडणीकडे घरधनी पाहणार आहे, असे त्यांनीच चिठ्ठीवर लिहून पाठवले आहे.