प्लास्टिकचं मशीन घेताय? आधी साच्याचं बोला



"सर, प्लास्टिकमध्ये उतरायचंय, कोणतं मशीन घेऊ?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: वस्तू कोणती करणार ते सांगा, मशीनचं शेवटी बघू.

माझ्या बॅचमधल्या एका मुलाने हे उलटं केलं. स्वस्तात मिळालं म्हणून ८० टनाचं जुनं इंजेक्शन मशीन उचललं. पैसे घरचे, थोडे सोनं गहाण ठेवून आणलेले. नंतर डब्याचा साचा करून घेतला. साचा आला, आणि मशीनच्या दोन टाय बारच्या मधे बसेचना! मशीन चालू, साचा उत्तम, पण दोघांचं लग्नच लागत नाही. सहा महिने मशीन ताडपत्रीखाली होतं.

म्हणून आधी वस्तू हातात घ्या. तिचा आकारच सांगतो ती कशी बनली. बादली, झाकण, खुर्ची हे इंजेक्शनचं काम. दाणा हॉपरमधून गरम बॅरलमध्ये उतरतो, स्क्रू त्याला वितळवत पुढे नेतो आणि बंद साच्यात दाबाने भरतो. आत माल थंड झाला की साचा उघडतो आणि पिना माल बाहेर ढकलतात. तेलाची बाटली, कॅन अशा पोकळ वस्तू ब्लो मोल्डिंगच्या. तिथे गरम नळीत हवा भरून ती साच्याच्या भिंतीला टेकवतात. पाइप म्हणजे आपला शेवेचा सोऱ्या, लांबच लांब बाहेर येत राहतो. त्याला एक्स्ट्रुजन म्हणतात. गच्चीवरची पाण्याची टाकी साच्यात पावडर टाकून, भट्टीत गोल गोल फिरवून करतात. त्यात साच्यावर दाब फार नसतो, म्हणून साचा तुलनेने स्वस्त पडतो. पण एकेक नग व्हायला वेळ लागतो.

इंजेक्शनमध्ये मात्र साचा म्हणजेच धंदा. मशीन विकून पैसे निघतात, पण तुमच्या झाकणाचा साचा दुसऱ्याच्या काय कामाचा? त्यामुळे साच्याचा खर्च नगावर वाटून बघा. समजा साचा ३ लाखांचा पडला आणि तुम्ही ३ लाख झाकणं विकली, तर प्रत्येक झाकणावर साच्याचा १ रुपया. ३० हजारच विकली तर १० रुपये! मग ते झाकण बाजारात चालेल का, हे तुम्हीच सांगा.

आता क्षमतेचा हिशेब. ३० सेकंदांची सायकल आणि दोन कॅव्हिटीचा साचा असेल तर तासाला १२० शॉट, म्हणजे २४० नग. आठ तासांत १,९२० नग, तेही काही न बिघडता. सायकलमधला मोठा वेळ माल थंड होण्यात जातो. भिंत जाड केली की थंड व्हायला वेळ जास्त, दाणाही जास्त. "जरा दणकट करू" हे वाक्य महाग पडतं ते असं. शिवाय जाड जागी वरून खड्डा पडतो, त्याला सिंक मार्क म्हणतात.

दाणा बदलला की साचाही विचारात घ्यावा लागतो. पीपी थंड होताना एबीएसपेक्षा बरंच जास्त आकसतं. एबीएससाठी केलेल्या साच्यात पीपी टाकलं तर झाकण डब्यावर बसेलच असं नाही. नायलॉन आणि एबीएस हवेतला ओलावा धरतात. पावसाळ्यात दाणा न सुकवता टाकला की मालावर चंदेरी रेघा येतात.

भंगाराचंही बघा. पीपी, पीई मेणासारखं, परत वितळतं. रनर ग्राइंड करून पुन्हा वापरता येतो. बेकेलाइट, मेलामाइन मात्र उकडलेल्या अंड्यासारखं, एकदा घट्ट झालं की झालं. तिथलं रिजेक्शन म्हणजे थेट तोटा. आणि खाण्याच्या डब्याला भंगाराचा दाणा नको म्हणजे नकोच, तिथे फूड ग्रेड व्हर्जिनच. प्लास्टिकचे चमचे, प्लेटा, स्ट्रॉ डोक्यात असतील तर काढून टाका. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

मग सुरुवात कशी करायची? साचा स्वतःचा, मशीन दुसऱ्याचं. भोसरी, वाळूज, वसई या पट्ट्यांत जॉबवर्क करणारे भरपूर आहेत. साचा करण्याआधीच जॉबवर्कवाल्याकडून टाय बारमधलं अंतर, टनेज आणि एका शॉटला किती ग्रॅम माल बसतो ते लिहून घ्या आणि साचेवाल्याला द्या. साचा तुमच्या मालकीचा आहे, मागाल तेव्हा परत मिळेल, हेही कागदावर हवं. ओळखीतला असला तरी! मशीन हाताळायला शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथले अभ्यासक्रम बघा.

आज एवढंच करा. घरातलं एक झाकण उलटं करून बघा. बहुतेक मधोमध एक छोटा टिपका दिसेल, तिथूनच माल आत शिरला होता. मग ते सोनाराच्या काट्यावर किंवा किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. १२ ग्रॅम भरलं तर एक किलो दाण्यात, रनर न धरता, ८३ झाकणं. तुमच्या गावातला दाण्याचा भाव विचारा आणि भागाकार वहीत मांडा. मशीनवाल्याला फोन त्यानंतर.