दोन होड्यांमधली फट

गेटवेहून मांडव्याला जाणारी कॅटमरान धक्क्यावरून समोरून बघा, मैत्रिणींनो. दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर एकच डेक टाकलेला दिसेल. मूळ तमिळ शब्दच ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेले ओंडके!

खरी गंमत मधल्या फटीत आहे. दोन्ही होड्या आपापल्या लाटा उठवतात, आणि लाट उठवायची म्हणजे डिझेल जळणारच. एकीच्या लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला, तर लाटा विरतात, बोट सहज पळते. उंचवट्यावर उंचवटा आला, की खर्च वाढला. त्यातही वेग बदलला की हिशेब बदलतो.

मग फट ठेवायची किती? अरुंद होडीच्या लाटांचं गणित ऑस्ट्रेलियातल्या जॉन मिचेल यांनी १८९८ सालीच मांडलं होतं. बिचाऱ्यांकडे कित्येक वर्षं कुणी लक्षच दिलं नाही. शिवाय हातानं सोडवायचं म्हणजे महाकठीण काम. आता तेच गणित दोन होड्यांना लावून संगणक फट कमी-जास्त करत शेकडो आराखडे पडद्यावर पळवून बघतो, तेही पत्रा कापण्याआधी.

फुटणाऱ्या, फेसाळत्या लाटा मात्र या साध्या गणितात मावत नाहीत. त्यासाठी फार मोठी आकडेमोड लागते, आणि एवढं करूनही छोटी प्रतिकृती लांबलचक हौदात ओढून बघतातच.