एकोणीस ते बेचाळीस

टपाल खात्यातली माझी बरीचशी नोकरी पाचगणीच्या पोस्टात गेली. बोर्डिंग शाळांचं गाव, त्यामुळे घरी पत्रं धाडणाऱ्या मुलांची गर्दी कायमची. तिकिटं फाडून देण्याच्या घाईत त्यावरच्या चेहऱ्यांकडे बघायला सवड नसे. पण १३ फेब्रुवारी २०११ रोजी खात्याने जुन्या जमान्यातल्या सहा अभिनेत्रींची तिकिटं काढली. देविका राणी, काननदेवी, मीनाकुमारी, सावित्री, लीला नायडू आणि आपली नूतन. नूतनचं तिकीट मी आवर्जून घेऊन ठेवलं. जिवंत माणसाचं तिकीट सहसा निघत नाही. नूतनला जाऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती, म्हणजे लोक तिला विसरले नव्हते एवढं तरी नक्की.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर पारितोषिकं हा नूतनचा विक्रम तिच्या भाचीने, काजोलने, गाठला. काजोल इथल्याच सेंट जोसेफ कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी, त्यामुळे गावाला तिचं अप्रूप आहेच. मावशी-भाचीच्या बरोबरीची बातमी सगळीकडे आली. मात्र आकड्यापाशीच थांबलं, की नूतनचं खरं मोठेपण हातातून निसटतं.

तिला ही पारितोषिकं कोणत्या भूमिकांसाठी मिळाली ते बघा. 'सीमा' (१९५५) मधली चोरीचा खोटा आळ आलेली, सुधारगृहात डांबलेली संतापी गौरी. 'सुजाता' (१९५९) मधली ब्राह्मणाघरी वाढलेली, पण त्या घराची पुरती कधीच न झालेली दलित मुलगी. 'बंदिनी' (१९६३) मधली खुनाची शिक्षा भोगणारी कल्याणी. मग 'मिलन' (१९६७) आणि 'मैं तुलसी तेरे आँगन की' (१९७८). पहिल्या तिघी तर समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या बायका. हिंदी सिनेमात नायिकेने गोड दिसावं, गावं, लाजावं, या अपेक्षेच्या काळात नूतन हे करत होती.

'बंदिनी'तला विष घालण्याचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल. बाहेर लोखंडावर घाव पडताहेत, ठिणग्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर येतो-जातो, समोर चहा. संवाद जवळजवळ नाहीतच. बिमल रॉय कॅमेरा तिच्या तोंडावरून हलवत नाहीत आणि ती डोळ्यांनी एका बाईचा सगळा अपमान बोलून दाखवते. शेवटी दिसते ती खुनी बाई नव्हे, पार थकलेली बाई. हा अभिनय तिने लग्नानंतर, मूल झाल्यावर केला. तेव्हा लग्न झालं की नायिकेचं दुकान बंद, असाच रिवाज होता.

म्हणून मला पाच या आकड्यापेक्षा एकोणीस आणि बेचाळीस हे आकडे मोठे वाटतात. 'सीमा'च्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती आणि 'तुलसी'च्या वेळी बेचाळीस. आईच्या वयाच्या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान! पुढे 'मेरी जंग' (१९८५) साठी सहायक अभिनेत्रीचंही पारितोषिक मिळालं. १९७४ मध्ये पद्मश्री मिळालीच होती. २१ फेब्रुवारी १९९१ ला ती कर्करोगाने गेली तेव्हा अवघी चोपन्न वर्षांची होती.

तिच्या आईच्या वाट्याला, शोभना समर्थांच्या वाट्याला, हे काही ऐन उमेदीत आलं नाही. 'रामराज्य' (१९४३) मधली त्यांची सीता घराघरांत पोचली, पण फिल्मफेअर पारितोषिकं सुरूच झाली १९५४ मध्ये. मान मिळणं हे असं जन्मसालावरही असतं.

४ जून हा नूतनचा जन्मदिवस. २०३६ मध्ये तिची जन्मशताब्दी येईल. तोवर थांबायचं कारण नाही. पाचगणीत एवढ्या शाळा आहेत, जूनमध्ये मुलं वसतिगृहात परततात. एखाद्या शनिवारी संध्याकाळी त्यांना 'सुजाता' दाखवावा आणि नंतर मास्तरांनी लगेच बोलायला उभं न राहता मुलांनाच बोलू द्यावं. ती घरातली असून घरातली का नाही, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतील, याची मला खात्री आहे.