कौटुंबिक सूडनाट्य (हिंदी चित्रपट)

कौटुंबिक सूडनाट्य हा हिंदी चित्रपटसृष्टीतील एक प्रमुख कथाप्रकार आहे. एखाद्या कुटुंबावर झालेला अन्याय किंवा हत्याकांड, त्यातून होणारी कुटुंबीयांची ताटातूट आणि मोठ्या झालेल्या मुलाने त्या अन्यायाचा घेतलेला सूड असा त्याचा सर्वसाधारण आराखडा असतो. या प्रकाराची मुळे बोलपटाच्या पहिल्या दशकापर्यंत मागे जातात. मात्र त्याला घट्ट रूप आले ते १९७३ ते १९८० या काळात. 'जंजीर', 'यादों की बारात' (दोन्ही १९७३), 'दीवार', 'शोले' (दोन्ही १९७५) व 'त्रिशूल' (१९७८) हे त्याचे ठळक नमुने होत.

या चित्रपटांना 'मेलोड्रामा' म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा त्या शब्दात हेटाळणीचा सूर असतो. मुळात हा शब्द 'गीत' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनलेला असून संगीताच्या साथीने चालणारे नाटक असा त्याचा आरंभीचा अर्थ होता. संगीत नाटकाची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला त्यात परके असे काही वाटण्याचे कारण नाही. भावनेचा उंच स्वर, सत् आणि असत् यांची उघड विभागणी, योगायोग आणि गीत ही या प्रकाराची अंगे आहेत. त्यांना केवळ दोष मानल्यास हे चित्रपट नीट समजत नाहीत.

कथेची घडण

सूड म्हटला की नायकाचा सूड डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात यांतील अनेक कथांमध्ये पहिला सूड खलनायकाचा असतो. राज कपूर यांच्या 'आवारा' (१९५१) मध्ये न्यायाधीश रघुनाथ हा जग्गाला शिक्षा ठोठावतो, ती चोराचा मुलगा चोरच असणार या समजुतीपायी. जग्गा त्याच्या गर्भवती पत्नीचे अपहरण करून तिला परत पाठवतो. रघुनाथ तिच्याविषयी संशय घेऊन तिला घराबाहेर काढतो आणि न्यायाधीशाचा मुलगा रस्त्यावर वाढून चोर बनतो. इथे जग्गाचा सूड पुरा होतो तो न्यायाधीशाच्याच हाताने. 'शोले'तही तसेच आहे. ठाकूर बलदेवसिंग हा पोलीस अधिकारी असताना गब्बरसिंगला पकडतो आणि तुरुंगातून सुटलेला गब्बर त्याच्या घरातील माणसे मारून टाकतो. ठाकूरचा सूड हे त्या सूडाला दिलेले उत्तर आहे.

त्यामुळे या कथांतील अपराध दोन व्यक्तींपुरता राहत नाही. त्याचा घाव घरावर पडतो. मूल अनाथ होते, भाऊ एकमेकांना मुकतात, आई विधवा होते. नायकापुढे मग दोन कामे उभी राहतात. अपराध्याला शासन करणे हे एक आणि विखुरलेले घर पुन्हा एकत्र आणणे हे दुसरे. ही दोन कामे नेहमी एका दिशेने जात नाहीत. सूडाच्या वाटेवर निघालेला मुलगा घरापासून दूर जात राहतो, आणि या प्रकारातील चांगल्या चित्रपटांचे नाट्य याच ओढाताणीत आहे.

पूर्वपीठिका

सूडाची प्रतिज्ञा भारतीय प्रेक्षकाला महाभारतापासून परिचित आहे. दुःशासनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीची वेणी घालणारा भीम हा भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' या संस्कृत नाटकाचा विषयच आहे. टाकून दिलेला मोठा मुलगा, त्याला ओळखणारी पण आपले म्हणू न शकणारी आई आणि समोर शत्रू म्हणून उभा असलेला धाकटा भाऊ हा कर्णकथेचा सांगाडाही हिंदी चित्रपटांत वारंवार दिसतो. पारशी रंगभूमीने या साऱ्यात योगायोग, रहस्योद्घाटन आणि टाळ्यांचे संवाद यांची भर घातली.

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अमर ज्योती' (१९३६) हा हिंदी बोलपट या परंपरेच्या आरंभी ठेवावा लागतो. राज्याचा कायदा मुलावर आईचा हक्क नाकारतो म्हणून सौदामिनी समुद्री लुटारू बनते आणि ज्या न्यायमंत्र्यामुळे हे घडले त्याला पकडून त्याचा पाय तोडते. सौदामिनीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली होती. कौटुंबिक सूडाच्या या सुरुवातीच्या कथेत सूड घेणारी एक आई आहे, ही गोष्ट नंतरच्या पुरुषप्रधान चित्रपटांकडे पाहताना विसरली जाते.

बॉम्बे टॉकीजच्या 'किस्मत' (१९४३) या चित्रपटाने हरवलेल्या मुलाची कथा लोकप्रिय केली. ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित हा चित्रपट कोलकात्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. अशोक कुमार यांनी साकारलेला त्याचा नायक चोर आहे आणि तरीही प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याच बाजूला आहे. यश चोप्रा यांच्या 'वक्त' (१९६५) मध्ये कुटुंब विखुरते ते भूकंपाने. निसर्गावर सूड उगवता येत नाही, म्हणून 'वक्त' ही केवळ ताटातूट आणि पुनर्भेट यांची कथा राहते. आठ वर्षांनी त्याच कथेत भूकंपाच्या जागी खुनी माणूस आला आणि सूडनाट्याचा साचा पूर्ण झाला.

अभिज्ञान

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकाच्या नावातील 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. दुष्यंताची अंगठी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सूडनाट्याला अशा दोन खुणा लागतात. शत्रू ओळखण्यासाठी एक आणि आपले माणूस ओळखण्यासाठी दुसरी.

नासिर हुसेन यांच्या 'यादों की बारात'मध्ये या दोन्ही खुणा अतिशय स्पष्ट आहेत. आईवडिलांच्या हत्येनंतर तीन भाऊ एकमेकांपासून दूर होतात. आईने शिकवलेले गाणे हे त्यांच्यातील एकमेव सूत्र उरते. संगीत राहुल देव बर्मन यांचे आणि गीते मजरूह सुलतानपुरी यांची आहेत. पण या गाण्याचे महत्त्व चालीपलीकडचे आहे. कथेतील पुरावा तेच आहे. दुसरी खूण खुन्याच्या पायांत आहे. शाकाल हा एका पायात आठ आणि दुसऱ्या पायात नऊ क्रमांकाचा जोडा घालतो. धाकटे दोघे गाण्यामुळे एकमेकांना सापडतात. थोरला शंकर (धर्मेंद्र) ते गाणे ऐकतो, भावांना ओळखतो आणि तरीही गप्प राहतो, कारण तो आता गुन्हेगार झालेला आहे. एरवी हसतखेळत चालणाऱ्या या चित्रपटातील हा प्रसंग सर्वांत गंभीर म्हणावा लागेल.

त्याच वर्षीच्या प्रकाश मेहरा दिग्दर्शित 'जंजीर'मध्ये दिवाळीच्या रात्री आईवडिलांचा खून पाहिलेल्या मुलाला पुढे वर्षानुवर्षे स्वप्नात पांढरा घोडा दिसतो. खुन्याच्या मनगटातील साखळीवर तो घोडा लटकत होता. दोन्ही चित्रपटांचे लेखन सलीम-जावेद यांचे होते आणि दोन्हींत खलनायक अजितच होते.

'दीवार'ने मात्र या खुणेचा अर्थच उलटवला. कामगारनेता असलेल्या बापाने, कुटुंबाच्या जिवाला धोका आहे हे पाहून, मालकाच्या अटींवर सही केली. त्याची शिक्षा म्हणून लोकांनी थोरल्या मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचे गोंदले. या कुटुंबात भावांची ताटातूट होत नाही. आई आणि दोन्ही मुले मुंबईत एकत्रच राहतात. खूण हरवलेल्यांना जोडण्याऐवजी घरातल्या एकाला घरापासून तोडत जाते. दोन्ही भाऊ त्याच अपमानातून मोठे झाले आहेत, पण तो एकाच्याच अंगावर लिहिलेला आहे.

सत्तरचे दशक

महागाई, बेकारी, १९७४ चा रेल्वे संप आणि २५ जून १९७५ ला जाहीर झालेली आणीबाणी ही या चित्रपटांची पार्श्वभूमी होती. शासनयंत्रणेकडून न्याय मिळेल या विश्वासाला तडा गेला होता आणि अमिताभ बच्चन यांचा 'संतप्त तरुण' त्यातून उभा राहिला, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते खरे आहे. पण प्रेक्षकांना राजकारण दिसले ते घराच्या भाषेत, हेही नोंदवायला हवे. 'दीवार'मधील विजय गोदीत हमाली करतो, हप्ता मागणाऱ्यांना विरोध करतो आणि पुढे तस्करीतून श्रीमंत होतो. आई जिथे विटा वाहत होती ती इमारत तो आईसाठी विकत घेतो. कामगार, मालक आणि पैसा यांतील सारा संघर्ष त्या एका खरेदीत आला आहे, आणि आई ती भेट स्वीकारत नाही.

'त्रिशूल'मध्ये शस्त्रही बदलते. आईला टाकून देणाऱ्या बांधकाम व्यावसायिक बापाला अनौरस मुलगा त्याच्याच धंद्यात गाठतो. निविदा, जमिनी आणि बाजारातील पत यांनी लढलेला हा सूड आहे. मनमोहन देसाई यांच्या 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये सूडाला विनोदाची जोड मिळते आणि ताटातुटीला देशाच्या फाळणीची छाया. तीन भाऊ १५ ऑगस्टला, महात्मा गांधींच्या पुतळ्यापाशी एकमेकांना दुरावतात आणि तीन धर्मांत वाढतात.

आईचे स्थान

या कथांत खरे न्यायालय आई असते. मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया' (१९५७) मधील बिरजू हा आईला छळणाऱ्या सावकार सुखीलालाला ठार करतो, परंतु त्याच्या मुलीला पळवून नेऊ लागताच राधा स्वतःच्या मुलावर गोळी झाडते. आईसाठी घेतलेला सूड आईच नाकारते. 'दीवार'मध्ये आई पोलीस झालेल्या धाकट्या मुलाच्या हाती त्याचे पिस्तूल देते आणि मग थोरल्याची वाट पाहत देवळात जाऊन बसते. निर्णय आणि माया या दोन्हींचा भार एकाच बाईवर टाकणारा असा दुसरा प्रसंग हिंदी चित्रपटात क्वचितच सापडेल.

पडद्यावरील या आयांमध्ये मराठी अभिनेत्रींचा वाटा मोठा आहे. 'आवारा'तील आई लीला चिटणीस यांनी साकारली आणि पुनर्जन्माच्या आधाराने सूडकथा सांगणाऱ्या सुभाष घई यांच्या 'कर्ज' (१९८०) मध्ये मुलाची वाट पाहणारी आई दुर्गा खोटे यांनी. सौदामिनी ते ही वृद्ध माता हा त्यांचा प्रवास या प्रकारातील स्त्रीचे स्थान कसे बदलले हेही सांगतो. पुढे 'राम लखन' (१९८९) मध्ये राखी यांनी साकारलेली आई पतीच्या अस्थी जपून ठेवते आणि मुलांना सूडाची आठवण देत राहते. इथे आई न्यायाधीश नसून फिर्यादी आहे. राकेश रोशन यांच्या 'खून भरी मांग' (१९८८) मध्ये दोन मुलांची आई (रेखा) मगरींच्या तोंडी देणाऱ्या पतीचा सूड स्वतःच घेते.

सूड कोणाच्या हातून?

नायकाने अपराध्याला ठार मारावे असे प्रेक्षकाला वाटत असते. कायदा आणि चित्रपट परीक्षण मंडळ यांना ते मान्य नसते. या पेचातून शेवटाच्या अनेक युक्त्या निघाल्या. 'यादों की बारात'मध्ये शाकालचा पाय रेल्वेच्या रुळांत अडकतो आणि गाडी त्याच्यावरून जाते. जोड्यांवरून ओळखला गेलेला माणूस पायामुळेच मरतो, हा लेखकांचा काव्यगत न्याय म्हणावा लागेल. 'त्रिशूल'मध्ये ज्याच्यावर सूड घ्यायचा तो बापच मुलावरची गोळी आपल्या अंगावर घेतो.

'शोले'च्या बाबतीत ही युक्ती बाहेरून लादली गेली. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार करतो. जो पूर्वी पोलीस अधिकारी होता त्यानेच कायदा हाती घ्यावा हे परीक्षण मंडळाला मंजूर झाले नाही. काळ आणीबाणीचा होता. शेवट पुन्हा चित्रित करण्यात आला आणि १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेल्या चित्रपटात ऐन क्षणी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला, तो या बदललेल्या शेवटासह. मूळ शेवटातील ठाकूर सूड घेतल्यावर मोकळा होत नाही, तर रडतो. कापले गेलेले दृश्य हिंसेपेक्षा सूडानंतरच्या रितेपणाचे होते, ही बाब परीक्षण मंडळाच्या आक्षेपात बसणारी नव्हती.

उत्तरकाल

सलीम-जावेद १९८० च्या दशकाच्या आरंभी विभक्त झाले. त्या दशकात सूडकथांची संख्या वाढली, पण खुणा, योगायोग आणि आईचा शोक हे यांत्रिकपणे येऊ लागले. दक्षिणेत यांतील अनेक चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. 'यादों की बारात'वरून एम. जी. रामचंद्रन यांचा 'नाळै नमदे' (१९७५) आणि 'दीवार'वरून रजनीकांत यांचा 'ती' (१९८१) हे तमिळ चित्रपट झाले. 'हम आपके हैं कौन' (१९९४) नंतर लग्नसोहळ्यांत रमलेले अखंड कुटुंब पडद्यावर आले आणि विखुरलेल्या घराची कथा मागे पडली. राकेश रोशन यांच्या 'करण अर्जुन' (१९९५) ला तरीही मोठे यश मिळाले. त्यात मारले गेलेले दोन मुलगे आईच्या हाकेला ओ देत पुनर्जन्म घेतात.

अब्बास-मस्तान यांच्या 'बाजीगर' (१९९३) मधील नायक बापाला लुबाडणाऱ्याच्या निरपराध मुलीचा खून करतो. पूर्वीच्या साच्यात हे कृत्य खलनायकाचे असते. अखेरीस तो जखमी होऊन आईच्या मांडीवर प्राण सोडतो, 'दीवार'मधल्या विजयप्रमाणेच.